तर गेली, तारी उरले

आपल्या सिंधुदुर्गात अनोळखी माणूस भेटला की तीन प्रश्न ठरलेले. नाव काय, आडनाव काय आणि गाव खंयचा? पुष्कळदा दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरातच तिसऱ्याचे उत्तर येऊन जाते. आचरेकर म्हटले की आचरा, चिंदरकर म्हटले की चिंदर, केळुसकर म्हटले की केळूस. गावाच्या नावाला 'कर' लावला की आडनाव तयार. त्यामुळे आपल्याकडे 'कर' मंडळी उदंड.

पण किनाऱ्याला थोडी आडनावे अशी आहेत की त्यांना 'कर' नाही आणि त्यांच्यावरून गावही कळत नाही. कळतो तो धंदा. तांडेल, सारंग, नाखवा ही त्यातली ऐकलेली नावे. त्याच पंगतीत बसणारे आणि फार थोड्या घरांत उरलेले आडनाव म्हणजे 'तारी'. घाटावरच्या माणसाला हे नाव सांगा, त्याला आधी मिसळीवरची तर्री आठवेल! आपल्याकडच्या तरुणांनाही त्याचा अर्थ पटकन सांगता येईल असे नाही. कारण ज्या कामावरून हे नाव पडले ते काम आपल्या डोळ्यांदेखत संपत आले आहे.

आडनावाच्या गोष्टीचे शेतीच्या पानावर काय काम, असे कुणी म्हणेल. थोडे थांबा. ही गोष्ट शेवटी तुमच्या सातबारापर्यंत येणार आहे.

शब्दाची कुळकथा

संस्कृतात 'तॄ' असा धातू आहे. अर्थ, पार होणे, ओलांडणे. त्यातून मराठीत केवढे गोत जमले आहे बघा. तरणे, तारणे, उतार, तारू हे सगळे त्याच घरातले. नदी जिथून ओलांडता येते ती जागा म्हणजे मुळात 'तीर्थ', आणि खाली उतरून येतो तो 'अवतार'. 

याच घरातला एक शब्द म्हणजे 'तर'. खाडी किंवा नदी होडीने ओलांडण्याची ठरलेली जागा, आणि ती सोयसुद्धा. 'तरीवर जाऊन उभा राहा' असे जुनी माणसे म्हणत. गोव्यात याच जागेला 'तार' म्हणतात. शिवोलीची तार, म्हापशाची तार ही ठिकाणे गोव्यात जाणाऱ्या येणाऱ्यांना ठाऊक आहेत. शिवोलीला आता पूल झाला, फेरीची गरज उरली नाही, तरी जागेचे नाव तारच राहिले.

आता तेलावरून तेली, माळेवरून माळी, तांबूलावरून तांबोळी, तसा तरीवरचा किंवा तारवावरचा माणूस तो तारी. म्हणजे उतारूंना या काठावरून त्या काठाला पोचवणारा होडीवाला. मालवणीत आणि कोकणीत हा शब्द त्याच अर्थाने चालत आला आहे.

इथे एक घोटाळा टाळायला हवा. 'तराळ' हे आडनाव यातले नव्हे. तराळ म्हणजे गावकामगार, निरोप आणि सरकारी काम घेऊन फिरणारा. दोन्ही नावे कानाला जवळची वाटतात, पण कूळ वेगळे आणि काम वेगळे.

दर्यावरची पदे, घरातली नावे

तारी एकटे नाही. जहाजावरची जवळजवळ सगळी उतरंड आपल्या किनाऱ्याच्या आडनावांत सापडते. 'नाखवा' हा शब्द फारसी नाखुदावरून आला. नाव म्हणजे जहाज आणि खुदा म्हणजे धनी, असा जहाजाचा धनी. 'सारंग' हा फारसी 'सरहंग'वरून, म्हणजे तुकडीचा नायक. 'तांडेल' म्हणजे खलाशांच्या तांड्याचा म्होरक्या. इंग्रजांची जहाजे या किनाऱ्यावर आली तेव्हा त्यांनी आपल्याकडून खलाशी घेतले आणि शब्दही उचलले. १८८६ साली निघालेल्या हॉब्सन-जॉब्सन या प्रसिद्ध कोशात सारंग आणि तांडेल हे दोन्ही शब्द इंग्रजी वेष घालून बसले आहेत.

शिवछत्रपतींच्या आरमारात 'दर्यासारंग' ही पदवी होती. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिलेल्या सभासद बखरीत आरमाराचे दोन सुभेदार येतात, एक दर्यासारंग आणि दुसरा मायनाक भंडारी. पहिला मुसलमान, दुसरा भंडारी. त्याच बखरीत जहाजांच्या जातींची यादी आहे, त्यात गुराबा, गलबते, शिबाडे यांच्याबरोबर 'तरांडी' आणि 'तारवे' आहेत. तारी ज्या गोतातला, त्याच गोतातले हे शब्द.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. ही नावे पदावरून पडली, आणि पद जातधर्म बघून मिळत नव्हते. तांडेल आणि सारंग ही आडनावे किनाऱ्यावरच्या हिंदू घरांत आहेत तशी कोकणी मुसलमान घरांतही आहेत. नुसत्या आडनावावरून कुणाची जात ठरवायला जाल तर फसाल.

मालवणकरांना तर हे सारे अंगणातलेच आहे. कुरटे बेटावर सिंधुदुर्ग किल्ल्याचे काम २५ नोव्हेंबर १६६४ रोजी सुरू झाले आणि १६६७ साली किल्ला उभा राहिला. साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. पण मालवणच्या जेटीवरून किल्ल्यात जायचे तर आजही होडीशिवाय वाट नाही. समुद्र खवळला की वाट बंद. तारीचे काम काय होते हे पाहायचे असेल तर लांब जायला नको.

खाडी आडवी, गाव पलीकडे

आपल्या जिल्ह्याचा नकाशा पुढ्यात घ्या. घाटातून निघालेली प्रत्येक नदी समुद्राला भेटताना रुंद खाडी करते. वाघोटण विजयदुर्गाला, गड नदी कालावलला, कर्ली देवबागला, तेरेखोल गोव्याच्या हद्दीवर. मधे आचऱ्याची खाडी, देवगडची खाडी. तळाशील आणि सर्जेकोट समोरासमोर दिसतात, मधे खाडीचे मुख. देवबागच्या टोकावरून भोगवे नजरेच्या टप्प्यात आहे, पण रस्त्याने जायचे तर केवढा वळसा! पूल नव्हते त्या काळी हा वळसा पायी किंवा बैलगाडीने घालावा लागे.

म्हणून तर. बाजारला जाणारी बाई, शाळेचा मास्तर, वरातीचे वऱ्हाड, टपालवाला, बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक, सगळी तरीवर. होडी पलीकडे असली तर या काठावरून कुकारो घालायचा, "तारीऽऽ, होडी हाड रे!" आणि मग वाट बघत बसायचे. बोटीचा जमाना होता तेव्हा मुंबईची आगबोट मालवणला बंदराबाहेर उभी राही, आणि चाकरमानी आपल्या ट्रंका-बोचकी घेऊन पडावातून किनाऱ्याला लागत. तिथेही वल्हे मारणारे हात याच मंडळींचे.

ओढ कशी आहे, भरती किती चढली, वाळूचा दांडा कुठे सरकला, कुठल्या वाऱ्यात होडी सोडायची नाही, हे सगळे तारीच्या डोक्यात. ते बापाकडून पोराकडे येई. नदीकाठच्या अनेक गावांत गावच्या माणसाने वर्षाला भात द्यायचे आणि परक्याने रोख पैसा मोजायचा अशी रीत होती. म्हणजे तारी हा एका परीने गावाचा सेवेकरीच.

पुढे इंग्रज सरकारने तरीही कायद्यात बसवल्या. मुंबई इलाख्यासाठी १८६८ साली फेरी आणि अंतर्गत जलवाहतुकीचा कायदा झाला. सार्वजनिक तर म्हणजे सरकारची, तिचा मक्ता लिलावाने जाणार आणि दर ठरलेले असणार, असा कारभार आला. होडी चालवणारा तोच, पण तर त्याची राहिली नाही. मक्ता ज्याच्या नावावर तो मालक आणि तारी त्याच्या हाताखाली, असेही होऊ लागले. स्वतंत्र भारतात १९९६ साली महाराष्ट्र सागरी मंडळ स्थापन झाले आणि बंदरे व जलवाहतूक त्याच्याकडे आली.

मग पूल आले. कर्लीवर नेरूरपारचा पूल झाला, मालवणला कोळंबचा झाला, तेरेखोलवर आरोंदा आणि किरणपाणी जोडले गेले. एकेक पूल झाला आणि एकेक तर बंद पडली. लोकांची सोय झाली, आजाऱ्याला दवाखाना जवळ आला, आंबा-काजू वेळेत बाजाराला जाऊ लागला, याबद्दल कुणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण पुलाच्या उद्घाटनाच्या भाषणात तारीचे नाव कधी कुणी घेतल्याचे ऐकलेत? मागे उरले ते फक्त आडनाव.

हे आडनाव विरळ का?

हिशेब सरळ आहे. गावात शेतकरी शंभर असतात, तर एकच असते. एका तरीला एखाददुसरे घर पुरे. त्यामुळे तारी नावाची घरे मुळातच मोजकी. मालवण-वेंगुर्ल्याचा किनारा, गोव्याचा खाडीकाठ आणि पोटासाठी गाठलेली मुंबई, एवढ्यात हे नाव प्रामुख्याने ऐकू येते.

दुसरे कारण आपल्या आडनावांच्या चालीतच आहे. जुन्या काळी सामान्य माणसाच्या नावापुढे पक्के आडनाव असेच असे नाही. स्वतःचे नाव, बापाचे नाव आणि गरज पडली तर गाव किंवा धंदा, एवढ्यावर काम भागे. पुढे जमिनीची मोजणी आली, शाळेचे रजिस्टर आले, गिरणीचा हजेरीपट आला. प्रत्येक ठिकाणी 'आडनाव' असा रकाना, आणि तो भरायला हवा. मग कुणी धंदा सांगितला, कुणी गाव सांगितले. एकाच घरातला गावात राहिलेला भाऊ 'तारी' आणि मुंबईला गेलेला 'अमुककर', असे होण्यासारखेच होते. मुंबईत 'कर' लावला की गाव कळतो, गाववाला ओळखतो, खोलीवर जागा मिळते. धंद्याचे नाव तिथे काय कामाचे?

ही गोष्ट फक्त आपली नाही. हॉलंडमध्ये 'वेरमान' हे आडनाव आहे, त्याचा अर्थ होडीने पार नेणारा. जर्मन मुलखात 'फेर' हे नावही त्याच कामावरून आले. उत्तर हिंदुस्थानात केवट, बंगालमध्ये पाटनी. खाडी-नदी जिथे जिथे आडवी आली तिथे तिथे तारी झाला.

पण सारखे नाव म्हणजे सारखेच मूळ, असेही धरून चालू नका. बंगालीत 'माझी' म्हणजे नावाडी. आणि संथाळांमध्ये हाच शब्द गावच्या प्रमुखासाठी चालतो. ओडिशात २०२४ साली मुख्यमंत्री झालेले मोहन चरण माझी संथाळ समाजातले आहेत, नावाडी नव्हेत. नाव एक, वाटा दोन. म्हणून आपल्याकडेही एखाद्या घराने 'आमचे तारी वेगळे' म्हटले तर आधी त्यांचे ऐकून घ्यावे.

घरे मोजायची कशी?

कुणी विचारील, मग तारी नेमके किती? जनगणनेतून हे उत्तर मिळत नाही. जनगणना माणसे मोजते, आडनावांचे तक्ते करत नाही. शिवाय १९४८ च्या जनगणना कायद्याने प्रत्येकाची वैयक्तिक माहिती गुप्त ठेवली आहे. जनगणनेतून आपल्याला कळते ते दुसरेच, आणि ते अधिक काळजीचे आहे. २००१ साली सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ साली ती ८,४९,६५१ झाली. राज्यात माणसे वाढली आणि आपल्या जिल्ह्यात १९ हजारांहून अधिक घटली. दर हजार पुरुषांमागे १,०३६ बायका, म्हणजे बाप्ये चाकरीला बाहेर. २०२१ ची जनगणना झाली नाही, पुढची २०२७ साली ठरली आहे. मोठ्या आडनावाची चार घरे मुंबईला गेली तर गावात चाळीस उरतात. तारीची चार घरे गेली तर त्या गावातून नावच जाते.

तरी मोजायचे साधन गावातच आहे. मतदार यादी केंद्रवार जाहीर होते. ग्रामपंचायतीकडे नमुना ८, म्हणजे घरपट्टीची आकारणी नोंदवही आहे. तलाठ्याकडे आठ-अ, म्हणजे खातेदारांची नोंद आहे. शाळेत जनरल रजिस्टर आहे. या चारांत चार वेगळे आकडे येतील, आणि त्यांतला फरकच सगळे सांगून जाईल. आठ-अ ला नाव आहे पण मतदार यादीत नाही, तर घर मुंबईला गेले. शाळेच्या जुन्या रजिस्टरात 'तारी' आहे आणि नव्यात 'कर' आहे, तर नाव बदलले. एखाद्या शाळेने मुलांकडून गावातली आडनावे आणि त्यांचे अर्थ गोळा करून घेतले तर इतिहासाचा उत्तम धडा होईल.

आता तुमच्या सातबाराकडे

इथेच खरी मेख आहे. समजा, आजोबांचे नाव सातबारावर 'तारी' म्हणून लागले आहे. थोरला मुलगा गावात, तो तारीच. धाकटा मुंबईला, तो 'कर' झाला. त्याची मुले शाळेत, आधारवर आणि पॅनवर 'कर'. आजोबा गेले, वारस नोंद लांबली. उद्या रस्त्यासाठी किंवा दुसऱ्या प्रकल्पासाठी जमीन गेली आणि मोबदल्याचा कागद आला, तर धाकट्याच्या मुलांनी आपण याच आजोबांची नातवंडे हे सिद्ध कसे करायचे? भावाभावांत गोडी असेपर्यंत ठीक. गोडी सरली की आडनावातला फरक कोर्टापर्यंत नेतो. ही अडचण फक्त तारींची नाही. गावकर, परब, राणे, कुणाच्याही घरात 'कर' झालेला एखादा भाऊ असतोच.

जातीच्या दाखल्याचेही तसेच. २००१ च्या महाराष्ट्र अधिनियम क्रमांक २३ प्रमाणे जात सिद्ध करण्याची जबाबदारी अर्जदारावर आहे. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. तो मिळतो कुठे? आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदीत, किंवा जन्ममृत्यूच्या जुन्या गाव नमुना १४ मध्ये, ज्याला आपण कोतवाल बुक म्हणतो. तिथे आडनाव वेगळे निघाले की नाते जोडून दाखवावे लागते. पुष्कळ जुनी दप्तरे मोडीत आहेत. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत आणि शब्द सुटे लिहीत नाहीत. वाचणाऱ्याची नजर चुकली की आडनाव बदललेच म्हणून समजा. पुढे संगणकावर नोंदी चढवताना एक काना राहिला तरी 'तारी'चे 'तरी' होते.

म्हणून शेतकरी बंधू-भगिनींनो, चार कामे करा.

पहिले, घरातल्या वडीलधाऱ्यांना बसवून वंशावळ लिहून काढा. प्रत्येक नावापुढे ते कुठल्या कागदावर कुठल्या आडनावाने लागले आहे ते लिहा. माहेरवाशिणींना विसरू नका, त्याही वारस आहेत.

दुसरे, वारस नोंद लांबवू नका. जमीन महसूल अधिनियम १९६६ च्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचे असते. तलाठ्याचे पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झाले आहे, काम तेच. नोंद गाव नमुना ६-क ला होते आणि तिचा फेरफार पडतो. दोन आडनावे असतील तर अर्जातच दोन्ही लिहा.

तिसरे, सातबारावर निव्वळ लिहिण्याची चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदारांकडे दुरुस्तीचा अर्ज करता येतो. जुना हस्तलिखित सातबारा आणि फेरफार जोडा.

चौथे, आडनाव खरोखरच बदलायचे असेल तर राजपत्रात प्रसिद्धी करून घ्या आणि ते राजपत्र जपून ठेवा. मात्र त्याने जुने कागद आपोआप बदलत नाहीत, हे ध्यानात असू द्या.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनाही एक विनंती. जन्माची नोंद करताना आडनाव विचारून, पुन्हा वाचून दाखवून लिहा. मराठी आणि इंग्रजी दोन्ही अक्षरे आईबापाला दाखवा. तेवढी दोन मिनिटे दिलीत तर त्या पोराचे पुढचे पन्नास हेलपाटे वाचतील. आणि गावात जुनी तर असेल, तर तिची जागा, होडी कोणत्या दोन काठांमध्ये चाले आणि शेवटची कधी चालली, हे ग्रामपंचायतीच्या दप्तरात लिहून ठेवा. सांगणारी माणसे आता थोडी आहेत, आणि तीही पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबतीलच असे नाही.

ज्यांच्या घरावर 'तारी' अशी पाटी आहे त्यांनी ती बदलण्याची घाई करू नये. त्यांच्या पूर्वजांनी दोन्ही काठांची माणसे पार नेली, भरल्या पावसात नेली. एवढे एका आडनावात मावले आहे, ते काय थोडे झाले?